ई-बर्डचा डेटा घेताय? आधी नकाशा बघा

अमरावती-अकोल्याच्या स्थलांतरित पक्ष्यांवर प्रपोजल लिहायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'ई-बर्डवरून डेटा घे'. घ्याच. 2002 मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठाशिवाय 942 प्रजातींचा आढावा घेणारा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स 2023' निघालाच नसता. सुमारे 30 हजार निरीक्षकांच्या नोंदी त्यामागे आहेत.

पण हिवाळ्यात रविवारी सकाळी आपण पक्षी बघायला जातो कुठं? वडाळी, छत्री तलाव, कापशी, काटेपूर्णा. म्हणजे पाण्यावरची बदकं मोजली जातात. आणि भोवत्या? मध्य आशियातून येणारा हा शिकारी पक्षी गवताळ माळांवर, वावरांवर घिरट्या घालतो. दर्यापूरकडं हरभऱ्याच्या धुऱ्यावर उभं राहून यादी करणारे किती? 'नोंद नाही' म्हणजे 'पक्षी नाही' असं धरलंत की अख्खं प्रकरण चुकलं. (मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं. दोन महिने पाण्यात.)

म्हणून फक्त पूर्ण याद्या घ्या. ओळखता आलेली प्रत्येक प्रजाती जिथं लिहिलीय, तिथंच एखादी नसण्याला काही अर्थ असतो. किती वेळ, किती अंतर, हेही तपासा. आकड्याऐवजी नुसता 'एक्स' टाकलेल्या नोंदी संख्येच्या हिशोबात धरू नका.

एवढं करूनही जिथं कोणी गेलंच नाही, तिथला डेटा कुठल्याच मॉडेलमधून निघत नाही. माझ्या मते प्रपोजलमध्ये हा रिकामा भाग नकाशावर दाखवावा आणि निदान एक हिवाळा तरी स्वतः तिथं जाऊन याद्या कराव्यात. गाईड आधी कुरकुरतील. एसटीचं वेळापत्रक मात्र आत्ताच बघून ठेवा.