अनामिकाचा आवाज

चाकणच्या मोटार-कारखान्यांत वेल्डिंग करणारा रोबो ज्यानें पाहिला असेल, त्यास यंत्राचा धर्म निराळा सांगावयास नको. हजारावी गाडी पहिलीसारखीच निघाली पाहिजे, हें त्याचें ब्रीद. त्याच पट्ट्यांतील कामगार संध्याकाळीं चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहांत येऊन बसला, म्हणजे मात्र त्याची कसोटी उलटी होते. तेथें शंभरावा प्रयोग पहिल्याची हुबेहूब प्रतिकृति निघाला, तर नट थकला असेंच तो म्हणेल. समोरून आलेल्या दादेस त्याच क्षणीं उत्तर देणें, हें प्रयोगकलेचें मर्म आहे. एवढ्यावरून ‘यंत्र नटाचें काय वाकडें करणार?’ असें म्हणून कित्येक रसिक निश्चिंत होतात. ही निश्चिंतता आम्हांस भ्रामक वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न आपल्याकडे गाजला तो नामांकितांच्या निमित्तानें. जुलै २०२४ मध्यें अरिजित सिंग यांस व २०२५ सालीं आशा भोसले यांस मुंबईच्या उच्च न्यायालयानें अंतरिम आदेशानें संरक्षण दिलें. संमतीवांचून त्यांच्या आवाजाची यंत्राकरवीं नक्कल करण्यास मनाई झाली. हे आदेश स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा पाया पाहिला पाहिजे. वादी सुप्रसिद्ध आहे, त्याचा आवाज लोक ओळखतात, त्या ओळखीस बाजारांत किंमत आहे. म्हणून ती दुसऱ्यानें लुबाडतां कामा नये, अशी ही विचारसरणी आहे. मग ज्याचा आवाज कोणीच ओळखत नाहीं, त्यानें कोणत्या आधारावर दाद मागावी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ३८ वें कलम कलावंतास त्याच्या प्रयोगावर पन्नास वर्षें हक्क देतें खरें. पण तो हक्क झालेल्या प्रयोगावरचा आहे, गळ्याच्या गुणावरचा नव्हे. त्याच्या गळ्यावरून यंत्रानें घडविलेलें नवें वाक्य तर त्यानें कधीं उच्चारलेलेंच नसतें!

असे अनामिक कलावंत पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत थोडे नाहींत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनीं कारखान्यांतील नटास रंगमंच दिला. पाळी संपवून तालमीस जाणारा नट ही येथें नवलाची गोष्ट नाहीं. परंतु नुसत्या नाटकावर पोट भरत नाहीं. म्हणून कोणी जाहिरातीस आवाज देतो, कोणी डबिंग करतो, कोणी माहितीपटाचें निवेदन वाचतो, कोणी समूहगीतांत गातो. या कामांत ऐकणाऱ्यास आवाजाच्या धन्याशीं कांहीं कर्तव्य नसतें. वाक्य स्पष्ट ऐकूं आलें म्हणजे झालें. म्हणूनच यंत्रास तीं सर्वांत सोपीं. नायकाच्या वाटेस तें आज जाणार नाहीं. तें शिडीचा शेंडा सोडून खालच्या पायऱ्या काढून नेतें.

आणि पायऱ्यांवांचून शेंडा गांठलेला कलावंत विरळा. एप्रिल १९४२ मध्यें दीनानाथ मंगेशकर वारले. त्याच वर्षीं कोवळ्या वयाच्या लता मंगेशकर ‘पहिली मंगळागौर’ या बोलपटांत लहानशा भूमिकेंत उभ्या राहिल्या, आणि पुढें कांहीं वर्षें अशाच दुय्यम भूमिकांनीं त्यांनीं घर सांवरलें. त्या किरकोळ कामांत अन्न होतें, आणि धंद्याचें शिक्षणहि होतें. तीं कामें तेव्हां एखाद्या यंत्रानें उरकलीं असतीं, तर त्या मुलीनें वाट कशी काढली असती?

यावर कोणी म्हणेल, ग्रामोफोन व बोलपट यांनीं कला मारली नाहीं, मग याच यंत्राचें भय कां? आक्षेप रास्त आहे. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आला, १९३२ सालीं ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला; मूकपटांना साथ करणाऱ्या वादकांचा धंदा बुडाला, संगीत नाटकास ओहोटी लागली. परंतु बोलपटास गाणारे हवेच होते. एक दार मिटलें तें दुसरें उघडून. त्या यंत्रांसमोर माणसास एकदां तरी उभें राहून गावें लागे, आणि त्याची बिदागी त्यास मिळे. नवें यंत्र पूर्वी ध्वनिमुद्रित झालेल्या असंख्य आवाजांवर शिकून तयार होतें, आणि पुढच्या कामास त्या माणसांस बोलावीतहि नाहीं. भेद आहे तो येथें.

तरी यंत्रावर बहिष्कार घाला, असें आमचें म्हणणें नाहीं. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटांत ए. आर. रहमान यांनीं बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवीं वापरले. पण कुटुंबांची संमति घेऊन व मोबदला देऊन. २०२३ सालीं हॉलीवूडच्या नटांनीं ११८ दिवस संप केला, तेव्हां झालेल्या करारांत संमतीची अट गर्दींत उभ्या राहणाऱ्या निनांवी नटासहि लागू झाली. संमति आणि मोबदला या दोन गोष्टी कीर्तीवर अवलंबून ठेवावयाच्या नसतात, हाच त्यांतील धडा. ‘हा आवाज याच कामापुरता घेतला आहे; यंत्रास शिकविण्यासाठीं तो वापरावयाचा असेल, तर निराळी परवानगी व निराळें मानधन’ एवढें एक कलम प्रत्येक लहानमोठ्या करारांत घालणें अवघड नाहीं. मात्र गरजवंतास एकट्यानें तें मागतां येत नाहीं. तें संस्थेनें मागावें लागतें.

जानेवारी २०२४ मध्यें शंभरावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखालीं याच पिंपरी-चिंचवडनगरींत भरलें. शंभर संमेलनें भरविलेल्या नाट्य परिषदेनें या कलमाचा एक नमुना करून द्यावा, आणि तो आधीं पाळी संपवून तालमीस येणाऱ्या नटाच्या हातीं ठेवावा. नामांकितांस न्यायालय आहे. याला दुसरें कोण आहे?