सार्वजनिक शाळेतील नृत्यशिक्षण : ‘विनामूल्य’ ह्या शब्दाची चिकित्सा

१

आपल्या विद्यापीठाच्या पाठीशी असलेल्या डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत, त्यांपैकी सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी कोरलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंस वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. येथून जवळच असलेल्या देवगिरीला, यादवराजा सिंघण याच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि त्याचा सातवा, शेवटचा अध्याय नर्तनाला दिला. वेरूळच्या नटराजमूर्ती सर्वपरिचित आहेत. आधुनिक काळात पाहू गेल्यास १९९६ पासून ‘महागामी’ ह्या गुरुकुलात कथक आणि ओडिसी यांचे व्रतस्थ अध्यापन चालू आहे. शहराच्या नृत्यवैभवाचे वर्णन करताना हे सारे सांगितले जाते आणि ते यथार्थही आहे.

परंतु ह्याच जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला ह्या वैभवातील काय येते, असा प्रश्न विचारला की वर्णनाचा ओघ थांबतो. सार्वजनिक शाळांतील मुलांना नृत्य विनामूल्य शिकवावे, ही मागणी तत्त्वतः कोणी नाकारीत नाही. जी मागणी कोणी नाकारीत नाही आणि जी फारशी अमलातही येत नाही, तिच्या शब्दांतच काही दोष दडलेला असण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात ‘विनामूल्य’ ह्या एका शब्दाची परीक्षा करावयाची आहे. नृत्यासाठी मुलाला तीन प्रकारची मूल्ये मोजावी लागतात : पहिले पैशाचे, दुसरे निवडीचे आणि तिसरे लाजेचे. पैकी पहिलेच तेवढे माफ करून आपण शिक्षण ‘मोफत’ झाले असे मानतो, हे माझ्या विवेचनाचे सूत्र आहे.

२

प्रथम पैशाचा विचार करू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील ‘मोफत’ ह्या शब्दाची व्याप्ती आपण समजतो त्याहून मोठी आहे. प्राथमिक शिक्षण घेण्यास व पूर्ण करण्यास अडथळा होईल अशी कोणतीही फी, कोणताही आकार आणि कोणताही खर्च बालकावर पडता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. ‘खर्च’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलीकडून कोणी फी मागत नाही. परंतु भाड्याचा पोशाख, बांगड्या, गजरा आणि रंगभूषा यांचा भार सामान्यतः तिच्या घरावरच पडतो. नाच हा शाळेचा कार्यक्रम म्हणून होतो आणि त्याचे देयक मात्र शेतमजुरी करणाऱ्या आईच्या हाती येते. जी मुलगी पोशाख आणू शकत नाही, तिला कोणी ‘तू नाचू नकोस’ असे म्हणत नाही. ती आपणहून मागे सरते. हे मागे सरणे कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही.

ह्याच कायद्याच्या परिशिष्टाकडे पाहिले म्हणजे दुसरे वैगुण्य दिसते. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण ह्या विषयांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद त्यात आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथे. पहिली ते पाचवी हे वय लय अंगात मुरण्याचे वय होय. त्या वयासाठी ही तरतूद नाही. वाडी-तांड्यावरच्या लहान शाळेत शंभराचा पट कोठून यावयाचा? म्हणजे जेथे दुसरा कोणताही नृत्यवर्ग असण्याचा संभव नाही, नेमकी तीच शाळा ह्या तरतुदीच्या बाहेर राहते. शिवाय ‘कला’ ह्या एका शब्दात चित्र, शिल्प, गायन, वादन, नाट्य आणि नृत्य हे सारे कोंबलेले असल्यामुळे निदेशक आलाच, तरी तो नृत्य जाणणारा असेल याची शाश्वती नाही.

३

असे असूनही मराठी शाळेत नृत्य मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. ते आहे, मात्र स्वतःच्या नावाने नाही. त्याने दोन परकी नावे धारण करून शाळेत प्रवेश मिळविला आहे.

पहिले नाव ‘व्यायाम’. लेझीम हे वस्तुतः समूहनृत्य आहे. त्यात ताल आहे, रचना आहे, हलगी किंवा ढोल यांची साथ आहे आणि शरीराच्या झुकण्या-उठण्यातून निर्माण होणारे सौंदर्यही आहे. तथापि ते शाळेत आले ते कवायतीच्या तासाला, शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून. ह्या वेषांतराचे लाभ लक्षणीय आहेत. लेझमीला पोशाख लागत नाही. साधन एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरते. सारा वर्ग एका वेळी भाग घेतो. मुलगे आणि मुली दोघेही खेळतात. शिक्षकाला ती शिकविता येते. मी वर जी तीन मूल्ये सांगितली, त्यांपैकी एकही लेझमीत मुलाला मोजावे लागत नाही. विनामूल्य नृत्यशिक्षणाचा खराखुरा यशस्वी प्रयोग आपल्या शाळांनी केलेला आहे. तो नृत्याचा आहे, एवढेच आपण कबूल केलेले नाही. मात्र त्या अस्वीकाराची किंमतही पडली. व्यायाम म्हणून आलेल्या लेझमीत सारखेपणा हाच गुण ठरला. ओळ सरळ असावी, पाय एकदम पडावा, एवढ्यावरच लक्ष राहिले. मुलाने स्वतः एखादी हालचाल शोधून काढावी, ही अपेक्षाच उरली नाही.

दुसरे नाव ‘करमणूक’. स्नेहसंमेलनातील नाच हा त्याचा नमुना होय. ध्वनिमुद्रित चित्रपटगीत लावावे, पडद्यावरच्या हालचालींची नक्कल करावी, पंधरा दिवस तालीम करावी आणि एका संध्याकाळी ते सारे संपावे, असा ह्याचा क्रम. येथे निवडीचे मूल्य पुरेपूर वसूल केले जाते. जी मुले आधीच चपळ आहेत, दिसावयास नीटस आहेत, ज्यांचे पालक उत्साही आहेत, ती मंचावर जातात. उरलेली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. ज्याला शिकण्याची अधिक गरज, तोच प्रेक्षक होतो. गणिताच्या तासाला फक्त गणित येणाऱ्या मुलांना बसविले, तर आपण त्याला शिक्षण म्हणणार नाही. नृत्याच्या बाबतीत मात्र हीच रीत कोणाला खटकत नाही, कारण तेथे शिक्षण अभिप्रेतच नसते.

ह्या दोहोंच्या मध्ये पाठ्यपुस्तक उभे आहे. पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘खेळू, करू, शिकू’ ह्या प्राथमिक वर्गांच्या पुस्तकात नृत्याला इतर कलांच्या शेजारी स्थान दिले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून चालत आलेल्या विचाराशी ती सुसंगतही आहे. परंतु नृत्य हा पुस्तकातून पुस्तकाकडे जाणारा विषय नव्हे. चित्रातील मुलाची मुद्रा पाहून वर्गातील मूल नाचत नाही. त्याला समोर पाय ठेवणारा माणूस आणि ठेका धरणारा हात लागतो. पुस्तक आले, पण हात आला नाही.

४

हा प्रश्न केवळ आपला आहे, असे मात्र नव्हे. इसाडोरा डंकन हिने १९०४ साली बर्लिनजवळ ग्रूनेवाल्ड येथे मुलींसाठी शाळा काढली. शिक्षणच काय, निवास आणि भोजनही विनामूल्य होते. पण मुली निवडलेल्या होत्या आणि शाळेचा सारा भार डंकनच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या उत्पन्नावर होता. चार वर्षांत ती शाळा बंद पडली. पुढे सोव्हिएत शासनाच्या निमंत्रणावरून १९२१ साली तिने मॉस्कोत शाळा सुरू केली. तेथेही शासकीय साहाय्य अपुरे पडून निधीसाठी तिला दौरे करावे लागले. ह्या प्रयोगांची थोरवी मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, एका कलावंताच्या औदार्यावर उभे असलेले विनामूल्य शिक्षण हे दान होय; तो मुलाचा हक्क होत नाही. दात्याची मिळकत आटली की दानही आटते.

ह्याच्या उलट न्यूयॉर्कमधील जाक डांब्वाज याचा प्रयोग. हा नामांकित बॅले-नर्तक. १९७६ साली त्याने नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि सार्वजनिक शाळांत, शाळेच्याच वेळात, विनाशुल्क वर्ग चालविले. प्रारंभी त्याने मुलग्यांना शिकविले, कारण नाच हा मुलग्यांचा नव्हे, ह्या समजुतीवर त्याला घाव घालावयाचा होता. वर्गात ध्वनिमुद्रिका नसे. वाद्य वाजविणारा माणूस प्रत्यक्ष हजर असे. एमिल आर्डोलिनो याने ह्या कार्यावर काढलेल्या १९८३ च्या अनुबोधपटाला पुढील वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू अर्थातच भव्य सादरीकरण आहे आणि तेथेच माझी हरकत आहे. हजार मुलांचा तो सोहळा पाहून आपण भारावतो आणि प्रयोगाचे मर्म सोहळ्यात होते, असे समजून बसतो. वस्तुतः ते मर्म शाळेच्या वेळापत्रकात होते. शाळेच्या वेळात वर्ग घेतला की बसचे भाडे लागत नाही, धाकट्या भावंडाला सांभाळण्याची अडचण येत नाही, संध्याकाळच्या कामाला जाणारे मूलही हजर असते. वेळापत्रकातील एक तास हे विनामूल्यतेचे खरे अधिष्ठान होय.

५

तिसरे मूल्य लाजेचे. न्यूयॉर्कचा दाखला येथे अपुरा पडतो, कारण आपल्याकडे नृत्याची लाज केवळ मुलगा-मुलगी ह्या भेदातून येत नाही. ती जातीतून येते. ह्या प्रदेशात नाचणे-वाजविणे हे काही जातींवर लादलेले काम होते. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. तमाशातील बाईच्या मुलाने वैद्यकीय शिक्षण घेईपर्यंतची ती कहाणी वाचल्यावर, घुंगरू आणि पाटी-दप्तर ही ज्या घरात परस्परांची वैरी होती, त्या घराला ‘आम्ही तुमच्या मुलीला शाळेत मोफत नाच शिकवितो’ असे सांगणे किती विपरीत वाटेल, याची कल्पना येते. आंबेडकरी चळवळीने गावकीची कामे टाकण्यात स्वाभिमान पाहिला, आणि तो यथायोग्यच होता. ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ आहे, त्यांनी शिक्षणाकडे मुक्तीचे साधन म्हणून पाहिले. मागे टाकलेल्या कामाकडे परत नेणारी वाट म्हणून नव्हे.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. तमाशाच्या फडाकडे पाहून नाक मुरडणारे पालक स्नेहसंमेलनात आपल्या मुलीच्या चित्रपटातील लावणीला भरभरून दाद देतात. म्हणजे एकाच नाचाने एका घरची प्रतिष्ठा वाढते आणि दुसऱ्या घरची जाते. शाळेतील नृत्यशिक्षणाने ही विसंगती तशीच ठेवली, तर ते कितीही मोफत असो, एका वर्गाला अलंकार आणि दुसऱ्याला डाग एवढेच ते देईल.

ह्यावर उपाय शास्त्रीय नृत्य शाळेत नेणे हा आहे, असे काहींचे मत आहे. ते मला पुरते पटत नाही. गुरुकुलाचा पाया दीर्घ साधना आणि पात्रतेची पारख हा आहे. सार्वजनिक शाळेचा पाया कोणालाही न वगळणे हा आहे. दोन्ही आपापल्या जागी योग्य; परंतु एकीचा न्याय दुसरीला लावता येत नाही. शिवाय ज्या ग्रंथाचा आपण अभिमान बाळगतो, त्याने ‘मार्ग’ परंपरेबरोबर ‘देशी’ परंपरेलाही शास्त्रात स्थान दिले आहे. प्रांतोप्रांतीचे, लोकांच्या रुचीनुसार चालणारे नर्तन शार्ङ्गदेवाला अभ्यासयोग्य वाटले. मग गोंधळ, वाघ्या-मुरळी, भारूड आणि हलगीचा ताल आमच्या शाळेला अभ्यासयोग्य का वाटू नये? अट एकच : ज्याच्या जातीची ती कला, त्याच्याच मुलाने ती करावी, असा संकेत शाळेत शिरता कामा नये. हलगीवर सर्वांनी पाय धरावा आणि हलगी वाजविणारा गृहस्थ शाळेत ‘गुरुजी’ म्हणून मानधनाने यावा. त्याच्या मुलाला लाज वाटावयाची नसेल, तर त्याच्या बापाला खुर्ची मिळाली पाहिजे.

६

वाचन-लेखनच कच्चे असताना नृत्य हवे कशाला, असा आक्षेप येईल. आठवड्यातील एका तासाने वाचन बिघडते, हे गृहीतक सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्याची आहे. शिक्षकावर कामाचा बोजा आधीच मोठा आहे, हा दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे आणि म्हणूनच हे काम केवळ वर्गशिक्षकावर टाकता येणार नाही.

येथे विद्यापीठीय विभागांचा संबंध येतो. नाट्य, लोकसाहित्य, शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे पदव्युत्तर विद्यार्थी नृत्यावर प्रबंध लिहितात. त्यांचे क्षेत्रकार्य बहुधा जत्रा, फड आणि महोत्सव येथे संपते. त्याऐवजी एखाद्या लहान पटाच्या शाळेत एक वर्षभर, आठवड्यास एक तास, एक वादक आणि सारा वर्ग, एवढ्या साधनांवर काय घडते, याचे काटेकोर टिपण कोणी केले, तर ते आजच्या घडीला अधिक मोलाचे संशोधन ठरेल. पोशाख नको, निवड नको, वर्षअखेरचा मंच नको. प्रत्येक तासाला एकच गोष्ट नोंदवावी : आज वर्गातील कोणते मूल बाजूला उभे राहिले, आणि का.

त्या नोंदीतील ‘का’चे उत्तर कधी पैशाचे असेल, कधी संकोचाचे, कधी जातीचे. ज्या दिवशी त्या रकान्यात लिहावयास काही उरणार नाही, त्या दिवशी शाळेतील नृत्य विनामूल्य झाले, असे म्हणावे. तोवर ते केवळ शुल्कमुक्त आहे.