‘उचल्या’ आणि गुन्ह्याची नोंद पुसण्याचा प्रश्न

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन 1987 साली प्रसिद्ध झाले व 1988 साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तेव्हापासून त्याची चर्चा बहुधा ‘सामाजिक दस्तऐवज’ या एकाच सदराखाली होत आली आहे. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ज्या कृतीस दस्तऐवज म्हणावयाचे, ती स्वतःच एका जुन्या सरकारी दस्तऐवजाशी झुंजत आहे, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड होते. गुन्ह्याची नोंद पुसली जाते ती कशी, आणि कायद्याने पुसलेली नोंद पोलिसांच्या व समाजाच्या स्मरणातून जाते काय, हा ‘उचल्या’चा मध्यवर्ती प्रश्न होय.

या प्रश्नाची धार ध्यानी येण्यासाठी कायद्याची भूमिका प्रथम पाहिली पाहिजे. प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी सरकारी कागदांतून पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. निर्दोष सुटका होणे किंवा उच्च न्यायालयाकडून फिर्याद रद्द करून घेणे, हे मार्ग दोषसिद्धीच्या अलीकडचे आहेत. दोषसिद्धीनंतर 1958 च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाचे कलम 12 उपयोगी पडते. परंतु ते दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, दोषसिद्धी नव्हे. नोंद खरोखर नष्ट करण्याची तरतूद आढळते ती 2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम 24 मध्ये. अपिलाची मुदत संपल्यावर बालकाची नोंद नष्ट करावी, असे तेथे सांगितले आहे. मात्र सोळा वर्षांवरील बालकाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांस अपवाद आहे. या साऱ्या मार्गांत एक गृहीत समान आहे. एका व्यक्तीने एक विशिष्ट कृत्य केले, व त्या कृत्याची नोंद झाली, हे ते गृहीत.

‘उचल्या’तील माणसांना हे गृहीतच लागू पडत नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने कृत्याऐवजी जन्माची नोंद केली. जमात गुन्हेगार म्हणून घोषित झाली की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत, हजेरी लागे, संचारावर बंधने येत. लातूरचा परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथेही हजेरीची जाच होतीच. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार समितीने या कायद्याच्या रद्दीकरणाची शिफारस केली व 31 ऑगस्ट 1952 पासून तो रद्द झाला. एका अर्थी भारतीय राज्याने केलेली ही सर्वांत व्यापक नोंदमुक्ती होय. लक्षावधी माणसे कागदावर ‘विमुक्त’ झाली. तथापि 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. त्याचा आधार वैयक्तिक दोषसिद्धी हा असला, तरी पाळतीची चौकट त्याने जिवंत ठेवली.

या तारखा शेजारी ठेवून वाचल्यास ‘उचल्या’चा अर्थ पालटतो. आजोबांच्या काळची हजेरी वगळता, निवेदकाचे सारे बालपण रद्दीकरणानंतरचे आहे. तरीही कुठे चोरी झाली की पोलीस धनेगावच्या झोपडीत येतात, बायामुलांना मारतात, घरातील भांडीकुंडी उचकटून टाकतात. कायद्याने मिटविलेली नोंदवही ठाणेदाराच्या डोक्यात शाबूत आहे. लेखक याचे भाष्य करीत नाही. धाडीमागून धाड तो केवळ सांगत जातो, आणि त्या पुनरावृत्तीतूनच वाचकास कळते की येथे संशय हा पुराव्याची वाट पाहत नाही.

अशा स्थितीत निरपराधित्वाचा अर्ज लिहिणे स्वाभाविक ठरले असते. गायकवाडांनी तसे केले नाही, आणि हेच या कृतीचे खरे बळ होय. बाजारांत, जत्रांत होणाऱ्या चोऱ्या, त्यांतील कौशल्य, पोलिसांच्या माराने तोंड उघडू नये म्हणून पोरांना आधीच मारून तयार करण्याची रीत, हे सर्व ते स्वतः नोंदवितात. जो शब्द जमातीवर शिक्क्यासारखा बसला होता, तोच त्यांनी ग्रंथनाम म्हणून स्वीकारला. कायद्याची नोंदमुक्ती विस्मरणावर उभी असते. ‘उचल्या’ उलट दिशेने जाते. ती नोंद वाढविते. भूक, मार, शाळेचा दुरावा यांच्यासह चोरी सांगितली गेली म्हणजे ती जातीचा स्वभाव न राहता परिस्थितीतील माणसाचे कृत्य होते. सरकारी नोंदवहीने नेमका हाच भेद पुसला होता.

उत्तरार्धात मात्र ही शक्ती उणावते. गिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना, मोर्चे यांचे कथन पुष्कळदा कार्यवृत्ताच्या वळणावर जाते. माणसे मागे पडतात व प्रसंगांची यादी पुढे येते. पूर्वार्धातील आई, वडील, भाऊ जितके ठसतात तितके नंतरचे सहकारी ठसत नाहीत. चळवळीस प्रतिष्ठित नोंद हवी असते, हे खरे. परंतु त्या गरजेपोटी निवेदकाने स्वतःविषयीची पूर्वीची निष्ठुर नजर सौम्य केली आहे, हे नाकारता येत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणी दिलेल्या निर्णयात तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला, व विमुक्त जमातींना जन्मतःच गुन्हेगार समजणाऱ्या कारागृह-नियमांवर आघात केला. 1952 च्या रद्दीकरणास तेव्हा बहात्तर वर्षे लोटली होती. रकाना पुसण्याचे काम इतकी वर्षे उरले होते, ही वस्तुस्थितीच ‘उचल्या’च्या प्रतिपादनास दुजोरा देते. विमुक्तांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांत केवळ दुःखाचा पुरावा न शोधता, नोंद कोणी ठेवावी व कोणत्या शब्दांत ठेवावी या अधिकाराचा वाद शोधणे अधिक फलदायी ठरेल.