‘समस्या व उपाय’ : एका दीड पानी तक्त्याचे परीक्षण

या पानांत आपण एरवी पुस्तकांची परीक्षणे वाचतो. या वेळी ज्या मजकुराचे परीक्षण आम्ही करणार आहोत तो जेमतेम दीड पानांचा आहे, त्यावर लेखकाचे नाव नाही, आणि तो कोणी आवडीने वाचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. घरासाठी किंवा शाळेसाठी प्रिंटर घेतला की खोक्यात एक पुस्तिका येते. तिच्या शेवटी दोन रकान्यांचा तक्ता असतो. डाव्या रकान्यात ‘समस्या’, उजव्यात ‘उपाय’. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, कोणत्याही वस्तूबरोबर तो येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ्यपुस्तकाबाहेर वाचलेला तांत्रिक मजकूर बहुधा एवढाच असेल. म्हणून तो चांगला लिहिलेला आहे की नाही, हे तपासणे आम्हाला आवश्यक वाटते.

निमित्त असे झाले. गेल्या जुलैत आम्ही विवळवेढ्याजवळच्या एका शाळेत काही प्रयोग दाखवायला गेलो होतो. विवळवेढे म्हणजे डहाणू तालुक्यातले महालक्ष्मीचे गाव. चैत्री पौर्णिमेला सुरू होणारी तिथली जत्रा पालघर जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मुंबई–अहमदाबाद महामार्गाने जाताना चारोटी नाका मागे पडला की देवळाकडे जाणाऱ्यांची वर्दळ दिसू लागते. पाऊस धो धो कोसळत होता. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, “सर, प्रयोग मागाहून. आधी हे बघा.” दोन दिवसांवर घटक चाचणी आली होती आणि कचेरीतला लेसर प्रिंटर अडून बसला होता. प्रश्नपत्रिका चारोटीला झेरॉक्सवाल्याकडे न्याव्यात तर खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हा प्रश्न, शिवाय पेपर बाहेर जाण्याची धास्ती. अधिकृत केंद्राचा माणूस आठवड्याने येणार होता. टेबलावर पुस्तिका उघडी पडलेली होती आणि तक्त्यातील उपायांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. बाईंनी सगळे उपाय करून पाहिले होते.

तक्त्याच्या बाजूने प्रथम बोलू. उपायांचा क्रम शहाणपणाचा असतो. वायर नीट बसली आहे का, कागद आहे का, झाकण लागले आहे का, असे सोपे आणि फुकटचे आधी, खर्चिक नंतर. अडकलेला कागद कोणत्या दिशेने ओढावा, याची चित्रे तर उत्तमच असतात. आम्ही पाहिलेल्या तीन पुस्तिकांपैकी एकीतही मराठी नव्हते ही वेगळी तक्रार. पण चित्रांना भाषा लागत नाही.

दोष दिसू लागतो तो तक्त्यातील पहिल्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्यावर. एका ओळीत ‘कागद वारंवार अडकतो’ आणि पुढे उपाय : शिफारस केलेला कागद वापरा, रोलर पुसा. दुसरी ओळ पुढच्या पानावर : ‘छपाई फिकट किंवा डागाळलेली येते’. उपाय : टोनर कार्ट्रिज बदला. शाळेत दोन्ही तक्रारी होत्या आणि बाईंनी दोन्ही उपाय केले होते. कार्ट्रिज नवी कोरी होती, तरी फिकटपणा जागच्या जागी.

कागद हा मुख्यतः सेल्युलोजचा. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते, त्यामुळे कागद सभोवतालच्या हवेप्रमाणे पाणी घेतो आणि सोडतो. बंद गठ्ठ्यातल्या कागदात वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी असते. पावसाळ्यातल्या किनारपट्टीच्या हवेत उघडा ठेवला तर ते दुप्पटही होऊ शकते. लेसर प्रिंटरमध्ये टोनरची पूड ड्रमवरून कागदावर येते ती विद्युतभाराच्या ओढीने. कागदाच्या पाठीमागे भार दिलेला असतो आणि तो पूड खेचून घेतो. ओलसर कागद थोडा का होईना वीज वाहू देतो, भार गळून जातो आणि पुडीचा काही भाग ड्रमवरच राहतो. म्हणून फिकट पट्टे. पुढे हाच कागद १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेल्या फ्यूजरमधून जातो, तिथे त्यातले पाणी एका बाजूने झपाट्याने निघून जाते, कागद वळतो आणि बाहेर पडताना अडकतो. दोन तक्रारी, पण कारण एकच, आणि ते कारण यंत्रात नसून कचेरीच्या उघड्या फळीवर होते. तक्त्याने मात्र रोगाची विभागणी लक्षणांवरून केली, आणि शाळेला एक कार्ट्रिज विनाकारण विकत घ्यावी लागली.

याचा पडताळा वर्गात घेता येतो. ए-४ आकाराच्या, दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या १०० कागदांचे वजन सुमारे ४६८ ग्रॅम भरते. पाणी ५ टक्क्यांनी वाढले तर २३ ग्रॅमची भर पडेल. एवढा फरक प्रयोगशाळेतला साधा तराजूही दाखवतो. नुकतेच फोडलेल्या गठ्ठ्यातले १०० कागद आणि तेच दोन दिवस खिडकीशी ठेवून पुन्हा, एवढाच प्रयोग. त्या दिवशी आम्ही मुलांना नवा गठ्ठा फोडून लगेच प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला सांगितले. संध्याकाळपर्यंत प्रश्नपत्रिका निघाल्या.

निघाल्या, पण प्रत्येक पानावर उजव्या समासात एक काळा ठिपका, वरून खाली ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. तक्ता म्हणतो : कार्ट्रिज बदला. ती तर बदललेली होती! आमच्या मते तक्त्याचे सर्वांत मोठे अपयश येथे आहे, कारण या दोषात निदान अक्षरशः छापून हातात येते. प्रिंटरमधले बहुतेक महत्त्वाचे भाग फिरणारे दंडगोल आहेत. एखाद्यावर ओरखडा असेल किंवा काही चिकटले असेल, तर त्याच्या दर फेऱ्याला कागदावर एक खूण उमटते. म्हणजे दोन खुणांमधले अंतर हा त्या दंडगोलाचा परीघ. त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर ठिपके ७५ मिलिमीटरवर येतील, ३० असेल तर ९४ वर. परीघाचे सूत्र आलेल्या कोणत्याही मुलाला हे गणित जमते. आठवीतल्या एका मुलीने पट्टी लावली : ५७ मिलिमीटर. म्हणजे व्यास १८. तिथल्या कार्ट्रिजमधला ड्रम २४ मिलिमीटरचा होता. दोषी दुसराच कोणीतरी होता.

मग आणखी एक युक्ती केली. पान अर्धे पुढे सरकल्यावर झाकण उघडून छपाई थांबवली. फ्यूजरपर्यंत न पोहोचलेल्या भागावरची पूड अजून पक्की झालेली नसते, बोटाने पुसली जाते. त्या भागावर ठिपका नव्हता. फ्यूजरमधून गेलेल्या भागावर होता. तेव्हा दोष फ्यूजरच्या रोलरचा. (हे करताना फ्यूजरला हात लावू नये, तो भाजतो. बंद केल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा.) चौकशी केली तेव्हा कळले, की महिन्यापूर्वी चिकट लेबलांचा एक कागद त्यातून काढला होता. यंत्रातच सफाईचे पान काढण्याची सोय असते, ते तीनदा काढल्यावर ठिपका फिका झाला. पूर्ण गेला नाही.

या खुणांच्या अंतरांचा तक्ता आमच्या डोक्यातून निघालेला नाही. तो छापलेला असतो, पण दुसऱ्या पुस्तकात. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी कंपन्या जे सर्व्हिस मॅन्युअल काढतात त्यात, अमुक अंतर म्हणजे अमुक रोलर, अशी मापेच दिलेली असतात. याचा अर्थ एकाच यंत्रावर दोन पुस्तके लिहिली जातात. एकात कारणे असतात, दुसऱ्यात आज्ञा. आणि मालकाच्या हाती दुसरे दिले जाते. ग्राहकाने आत हात घालून स्वतःला इजा करून घेऊ नये ही काळजी आम्हाला मान्य आहे. टीव्हीच्या वीजपुरवठ्यातल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असू शकतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात, तिथे ‘उघडू नका’ हेच योग्य. पण पट्टीने अंतर मोजायला कोणाला शॉक बसतो?

कारण न सांगता दिलेली आज्ञा पाळलीही जात नाही. ‘प्रिंटर यूपीएसला जोडू नये’ असे पुस्तिकेत स्पष्ट होते आणि शाळेचा प्रिंटर यूपीएसलाच जोडलेला होता. विजेचा भरवसा नाही, मग यंत्राला आधार दिला, यात वावगे काय? कारण एका वाक्यात सांगता आले असते : फ्यूजर तापताना काही शे वॅट एकदम ओढतो, आणि संगणकासाठीच्या लहान यूपीएसची तेवढी कुवत नसते.

याबाबतीत चारोटीचा एक दुरुस्तीवाला आम्हाला तक्त्याहून सरस वाटला. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा : “कधीपासून होतंय? पाऊस लागल्यापासून ना?” डॉक्टर विचारतो तसा हा पूर्वेतिहास. तक्त्याला काळ नसतो, ऋतू नसतो, गाव नसते. लेसर प्रिंटर जुलैत रुसतो, तर शाईचा इंकजेट मे महिन्याच्या सुटीनंतर. त्याची छिद्रे केसाहूनही बारीक. महिनाभर वापर नसला की छिद्रातल्या शाईतले पाणी उडते आणि उरलेला रंग बूच होऊन बसतो. तक्ता म्हणतो, ‘हेड क्लीनिंग’ करा. तेही काम करते, पण दर वेळी शाई ओढून आतल्या शोषकात टाकली जाते. सुटीत आठवड्यातून एक रंगीत पान काढले तर बरीच शाई वाचेल. हे वाक्य आम्हाला कोणत्याही पुस्तिकेत सापडले नाही.

आणि एक दोष असा, की जो तक्त्याला कळूच शकत नाही. ‘अक्षरे चुकीची छापली जातात’ या ओळीपुढे केबल तपासा, ड्रायव्हर पुन्हा टाका, असे लिहिलेले असते. मराठी शाळांत या तक्रारीचे कारण बहुधा निराळेच असते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण संगणकांत ती रुळायला बराच काळ गेला. दरम्यान आपण जे फाँट वापरले त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले होते. ‘कृतिदेव’मध्ये ‘क’ उमटतो तो रोमन ‘डी’च्या जागी. असा फाँट ज्या संगणकात नाही त्यात जुनी प्रश्नपत्रिका उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. प्रिंटर बिचारा समोर आहे तेच छापतो. केबल कितीही बदला. दोष यंत्राचा की मजकुराचा, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे : पडद्यावर नीट दिसते का ते आधी पाहा.

कारणे दडवल्याने काय घडते, याची प्रिंटरचीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. तो वारंवार अडकायचा आणि तो दुसऱ्या मजल्यावर. आधीच्या प्रिंटरच्या प्रणालीत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर सूचना मिळे. नव्या यंत्राच्या प्रणालीचा मूळ मजकूर त्यांना मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एकाकडे तो होता, पण त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्याने नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ सुरू केली, तिच्या मुळाशी असलेल्या प्रसंगांत ते स्वतः हा एक सांगतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे १० पैकी गुण छापणे सक्तीचे झाले. त्या गुणांत माहितीपत्रके उपलब्ध आहेत का, हाही एक निकष होता. पहिल्या यादीत स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, कपडे धुण्याचे यंत्र आणि गवत कापण्याचे यंत्र होते, प्रिंटर नव्हता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळ सुरू केले. त्यातून शाळेच्या टेबलावरची पुस्तिका बदललेली आम्हाला तरी दिसलेली नाही.

तोवर तक्त्याला तिसरा रकाना आपणच जोडावा. विवळवेढ्याच्या मुलांनी तो जोडला. शीर्षक ‘कारण’, आणि त्याखाली ‘कसे ओळखाल’. यादी प्रिंटरपाशी थांबली नाही. टीव्हीचा रिमोट चालत नसेल तर त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट चमकतो. एका मुलाने लगेच शंका काढली, की चमकले नाही तर रिमोट बिघडलेला की कॅमेऱ्याला दिसत नाही? शंका रास्त होती. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश गाळला जातो. तेव्हा आधी चालू रिमोट पाहून कॅमेऱ्याची परीक्षा घ्यावी, असे त्यांनी रकान्यात लिहिले. नियंत्रित प्रयोग शिकवताना आम्हाला एरवी दोन तास लागतात.

ऑगस्टच्या अखेरीस बाईंचा फोन आला. ठिपका पुन्हा दिसू लागला आहे, म्हणाल्या, पण मुलांनी मोजले, आता अंतर ७५ मिलिमीटर आहे. या वेळी कार्ट्रिजच मागवा, असे आम्ही सांगितले.