भासांमागचा माणूस

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाची गोष्ट सहसा दुसरेच सांगतात. घरचे लक्षणं सांगतात, डॉक्टर निदान लिहितात, गाव ‘बाहेरचं झालंय’ म्हणून मोकळं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) ती नायक शेषच्या आतून उलगडते. या चित्रपटाचं मोठेपण त्यातच आहे.

देवराईच्या, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानाच्या, ध्यासानं झपाटलेला शेष (अतुल कुलकर्णी) कोकणातल्या गावात राहतो. आजार बळावतो तेव्हा बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला शहरात आपल्या घरी आणते. इथून आठवणी, भास आणि चालू दिवस एकमेकांत मिसळू लागतात. दिसतंय ते खरंच घडलं, की फक्त शेषला दिसलं, असा प्रश्न पडतो. शेष रोज सोसतो तो गोंधळ थोडा वेळ आपल्याही वाट्याला येतो.

त्या गोंधळाच्या मुळाशी मात्र खरं रान आहे, त्याच्या नाशाची खरी भीती आहे. आजार त्या भीतीला भलताच आकार देतो. म्हणून ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणून शेषला गप्प करता येत नाही. भास ओसरावेत आणि झाडांवरची माया उरावी, असं बरं होणं इथे अभिप्रेत आहे. त्यासाठी औषधं हवीतच. पण सीनाही हवी, कारण त्याच्या बालपणाची ती साक्षीदार आहे. त्याला जे सलग सांगता येत नाही ते तिला ओळखीचं आहे. चित्रपटाला बळ देणारे कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या याच आजारात तिची साथ केली होती. सीनाची दमणूक खोटी वाटत नाही, यात नवल नाही.

पोलादपूर-महाडकडच्या प्रेक्षकाला हे सारं परकं नाही. इथे देवराया आहेत, कौल लावणारे आहेत, आणि एक पाय मुंबईत असलेली घरं आहेत. कामावर असताना बिघडलेला मुलगा गावी येतो, तेव्हा त्याची अर्धी गोष्ट मुंबईतच राहते. गावच्यांना उरलेली अर्धीच ठाऊक असते. सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर लांब जावं लागतं.

अशा घरानं भगताच्या आधी डॉक्टर गाठावा; टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो. गोळ्या लागू पडल्या की त्या माणसाला स्वतःची गोष्ट सांगू द्यावी, मध्येच न सुधारता. ‘देवराई’ हे ऐकणं शिकवते, म्हणून ती घरच्यांनी एकत्र बसून पाहावी.