तुळशीपत्र ठेवल्यावर

भिंत म्हटली की वारकऱ्याला आळंदी आठवते. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले आणि माउलींनी भावंडांसह बसल्या जागेची भिंत चालवली, ही कथा नारदाच्या गादीवर उभे राहून किती वेळा सांगितली याची गणती नाही. भिंत जड असते, ती चालते तेव्हा अहंकार खाली उतरतो, असे आपण निरूपण करतो. शहरातल्या उघड्या भिंतींवर मोठमोठी चित्रे काढून त्यांना बोलायला लावणारे चित्रकारही आज जगात आहेत. त्यांपैकी एकाच्या कृतीने मला पुष्कळ दिवस विचारात पाडले आहे.

इटलीत बोलोन्या हे जुन्या विद्यापीठाचे शहर आहे. तिथे ‘ब्लू’ या टोपणनावाचा चित्रकार भिंती रंगवत असे. खरे नाव त्याने कधी पुढे केले नाही. लांब काठीला रोलर बांधून तो इमारतीएवढी चित्रे काढी. युद्ध, पैशाची हाव, सत्तेची भूक हे त्याचे विषय. पाहायला तिकीट नाही, दार नाही. हमाल असो वा प्राध्यापक, मान वर केली की दर्शन. आपल्या वाळवंटातल्या कीर्तनाचाही हाच धर्म आहे.

२०१६ च्या मार्च महिन्यात त्या शहरातल्या एका जुन्या वाड्यात अशा चित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी काही चित्रे भिंतींवरून सोलून आत नेली होती. त्यांत ब्लूचीही होती आणि त्याची संमती घेतलेली नव्हती. आत जायला तिकीट. आयोजक म्हणाले, पडक्या इमारतींबरोबर ही चित्रे नाहीशी झाली असती, आम्ही ती राखली. प्रदर्शन उघडण्याआधीच ब्लूने सोबत्यांना घेऊन शहरातल्या आपल्या उरलेल्या चित्रांवर राखाडी रंग फिरवला. सुमारे वीस वर्षांचे काम दोन दिवसांत पुसले गेले.

त्याचा राग मला समजतो. जिथे कीर्तन करायचे तिथे अन्नही घेऊ नये, असा दंडक तुकोबारायांनी आम्हाला घालून दिला. तो आम्ही किती पाळला? बिदागी आधी ठरवून गादीवर उभे राहणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा रस्त्यावर फुकट दिलेल्या वस्तूला आत नेऊन तिकीट लावल्यावर जो माणूस खवळतो, त्याच्यापुढे मी मान खाली घालतो.

तरी त्याची दोन कृत्ये वेगळी तोलली पाहिजेत. २०१४ च्या डिसेंबरात बर्लिनच्या क्रॉयझबर्ग भागातली त्याची दोन प्रसिद्ध चित्रे त्याच्याच संमतीने काळ्या रंगाने झाकली गेली. तिथल्या मोकळ्या जागेवर नवे बांधकाम यायचे होते. चित्रांमुळे वस्तीचे नाव झाले, भाव वाढला आणि ज्यांच्या सोबतीला चित्रे होती त्या साध्या भाडेकरूंवरच उठून जायची पाळी येऊ लागली. चित्र शेजाऱ्याच्याच मुळावर उठले तर ते झाकणे हे शेजारधर्माला धरून आहे. तिथे ब्लूचे चुकले असे मी म्हणणार नाही.

बोलोन्यात मात्र उरलेल्या भिंतींनी कोणाचे काही बिघडवले नव्हते. पुसायला लोक मदतीला आले हे खरे, पण त्या भिंतींखालून रोज कामाला जाणारे पुष्कळ जण त्यांत नव्हते. दान देताना आपण त्यावर तुळशीपत्र ठेवतो. त्यानंतर ती वस्तू आपली राहत नाही. घेणाऱ्यांतल्या एकाने तिचा बाजार मांडला म्हणून बाकी सगळ्यांच्या ओंजळीतून ती काढून घ्यायची का? चोराने एक गाय नेली म्हणून उरलेला गोठा आपणच मोकळा केला, असे ते झाले.

इथे इंद्रायणी आठवते. तुकोबारायांच्या वह्या डोहात गेल्या, तेव्हा महाराज तेरा दिवस धरणे धरून बसले. भाविक म्हणतात, नदीने गाथा राखली. कोणी म्हणतात, लोकांच्या मुखात होती म्हणून ती परत आली. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. अभंग देणाऱ्याच्या हातून सुटला, लोकांचा झाला, म्हणून तरला. पण चित्र मुखोद्गत होत नाही. पुसले की गेले. म्हणून पुसणाऱ्याची जबाबदारी जास्त.

ब्लूने नाव लपवले, पैसा नाकारला. एवढा त्याग आमच्यापैकी थोड्यांनाच साधला. तरी एक गोष्ट त्याच्याही हातून सुटली नाही. ‘हे माझे’ म्हणायचा शेवटचा हक्क त्याने राखून ठेवला. तो हक्क सोडणे पैसा सोडण्याहून अवघड आहे, हे कीर्तनात चाल चुकली म्हणून टाळकऱ्यावर डोळे वटारणाऱ्या माझ्यासारख्याला चांगले ठाऊक आहे.

राम कृष्ण हरि.