पलाउंग बोली : ध्वनी आणि कूळ
श्रीमती लेस्ली मिल्न यांचे पलाउंग व्याकरण (१९२१) परिश्रमपूर्वक लिहिलेले आहे. मात्र ब्रह्मदेशातील नामसान परिसराची बोली म्हणजेच समग्र पलाउंग, हा समज त्यातून बळावला. रुमाई व रुचिंग या बोली तिच्याहून पुष्कळच निराळ्या आहेत. शेजारच्या शान भाषेत सुरभेदाने अर्थ पालटतो, पलाउंगमध्ये नाही. येथे मुख्य अक्षरापूर्वी एक ऱ्हस्व, दुर्बल अक्षर येते. ही ठेवण मोन-ख्मेर होय. शॉर्टो यांनी १९६० मध्ये या शब्दरचनेचेच विवेचन केले, हे योग्य झाले. आम्हा पाली अभ्यासकांचे लक्ष प्रथम धर्मविषयक शब्दांकडे जाते. परंतु ते उसने, त्यांवरून कूळ ठरत नाही. डोळ्याला खासीत 'ख्मत', व्हिएतनामीत 'मत्' म्हणतात. पलाउंग शाखेत मात्र 'ङाय्'सारखा शब्द आहे. शाखेचे वेगळेपण अशा घरगुती शब्दांतच सापडते.